स्टोनहेवन: किल्ला बघून परत फिरू नका

सागरगोटी | १२ मे

मंडळी,

आम्ही स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला राहायला आल्यापासून आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा डनॉटरचा किल्ला बघून गेला आहे. कड्यावर गाडी लावायची, फोटो काढायचे, पाय चालत असतील तर पायऱ्या उतरून किल्ल्यात चक्कर मारायची आणि तासा-दीड तासात इन्व्हरनेसच्या रस्त्याला लागायचं. ज्या गावाच्या अंगाखांद्यावर हा किल्ला आहे ते स्टोनहेवन तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर. त्यात कुणाचं पाऊल पडत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

गाव ॲबर्डीनच्या दक्षिणेला चोवीसएक किलोमीटरवर. आगगाडीने वीस मिनिटांच्या आत पोचता. स्टेशन मात्र समुद्रापासून वीस-पंचवीस मिनिटं चालत आहे, हे वयस्कर माणसं बरोबर असतील तर लक्षात ठेवा. कॅरन आणि काउई अशा दोन छोट्या नद्या इथे समुद्राला मिळतात. दक्षिणेच्या टोकाला जुनं बंदर, उत्तरेला काउई ही कोळ्यांची जुनी वस्ती, आणि मधे गोट्यांचा किनारा. वाळू फार नाही. किनाऱ्याला धरून लाकडी फळ्यांची वाट आहे. तिच्यावर एका स्थानिक कलाकाराने भंगारातल्या पत्र्यातून केलेली जहाजं आणि होड्या उभ्या आहेत. सुरुवातीला त्याने रात्रीतून गुपचूप आणून ठेवली होती. आमच्या धाकट्याने प्रत्येक जहाजाला हात लावल्याशिवाय पुढे पाऊल टाकलं नाही.

पण माझा जीव अडकला आहे तो पोहण्याच्या तलावात. उघड्यावरचा तलाव, १९३४ च्या जूनमध्ये सुरू झालेला. पन्नास मीटर लांब, अठरा मीटर रुंद. पाणी नळाचं नाही, समुद्राचं, गाळून घेतलेलं आणि २९ अंशांपर्यंत तापवलेलं. इथल्या समुद्राचं पाणी भर उन्हाळ्यातही बारा-चौदा अंशांच्या वर सहसा जात नाही, म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला दात वाजवणारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला तेच पाणी अंघोळीसारखं कोमट. लहान मुलांसाठी उथळ तलाव वेगळा आहे. भिंती पांढऱ्या, त्यावर निळ्या-पिवळ्या रंगाची कामं. १९९० च्या दशकात तो बंद होण्याच्या बेतात होता. गावकऱ्यांनी 'फ्रेंड्स' म्हणून मंडळ काढलं, पैसे उभे केले, आणि आजही हंगाम सुरू होण्याआधी हीच माणसं येऊन रंग देतात, साफसफाई करतात. मे अखेर किंवा जूनपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तलाव उघडा असतो.

दोन वर्षांपूर्वी आई आली होती. वय चौसष्ट. ती पोहायला शिकली मामाच्या मळ्यातल्या विहिरीत, कमरेला सुके भोपळे बांधून. लग्नानंतर पाण्यात उतरली नव्हती. तिला मी बुधवारच्या रात्रीच्या पोहण्याला नेलं. जुलै-ऑगस्टमध्ये बुधवारी रात्री दहा ते बारा तलाव उघडा ठेवतात. कपड्यांची तिला काळजी, तर मी आधीच फोन करून विचारलं होतं. अंगभर पोशाख चालेल, फक्त पोहण्याच्या कापडाचा हवा, सुती नको, असं उत्तर मिळालं. पूर्ण पायाचा आणि लांब बाह्यांचा घेतला.

रात्री दहाला आकाशात उजेड होता. हवा चौदा अंश, पाण्यावरून वाफ निघत होती आणि तिच्यात माणसांची नुसती डोकी दिसत होती, काहींच्या डोक्यावर लोकरी टोप्या. आई शिडी धरून तीन पायऱ्या उतरली आणि थांबली. मग म्हणाली, "खारं आहे गं." आणि पाठीवर आडवी झाली. खाऱ्या पाण्याने तिला अलगद उचललं. तिने डोळे मिटले. मी शेजारी उभी. पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. घरी येताना गाडीत तिने मला विहिरीची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांत कधी सांगितली नव्हती.

तुमच्यापैकी जे गेले आहेत त्यांनी भर घाला. जे जाणार आहेत त्यांनी विचारा.

---

गडवेडा | १२ मे

फार छान लिहिलंत. तलाव माहीत नव्हता, मीही त्या तासाभरातच परत फिरणाऱ्यांपैकी. पण किल्ल्याला निदान तीन तास द्या, एवढं सांगायला लिहितोय.

डनॉटर तीन बाजूंनी समुद्र आणि पन्नासएक मीटर उंच कडा असलेल्या खडकावर आहे. जमिनीकडून एक चिंचोळी वाट, ती आधी खाली समुद्रपातळीजवळ उतरते आणि मग कड्याच्या भेगेत बांधलेल्या दरवाज्यातून वर चढते. आज वर शिरायची वाट हीच. दरवाज्यात उभं राहून वर बघितलं की बंदुकांसाठी ठेवलेल्या जंग्या थेट आपल्यावर रोखलेल्या दिसतात. सह्याद्रीत गड पाहिलेल्या माणसाला ही जागा कुणी आणि का निवडली हे सांगावं लागत नाही.

१६५१-५२ मध्ये इंग्लंडची राजेशाही उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या सैन्याने वेढा घातला तेव्हा स्कॉटलंडची राजचिन्हं, म्हणजे मुकुट, राजदंड आणि तलवार, इथे लपवलेली होती. वेढा आठ महिने चालला. किल्ला पडला, पण आत राजचिन्हं सापडली नाहीत. ती आधीच बाहेर गेली होती. कशी, याच्या दोन कथा आहेत. एक अशी की किनेफ गावच्या धर्मगुरूंची बायको, क्रिश्चन फ्लेचर, किल्लेदारणीला भेटायला आली आणि जाताना कपड्यांत लपवून ती घेऊन गेली. दुसरी अशी की समुद्रातलं शेवाळ गोळा करायच्या निमित्ताने कड्याखाली आलेल्या मोलकरणीकडे ती दोराने खाली सोडली. पुढे किनेफच्या चर्चच्या जमिनीखाली ती पुरून ठेवली आणि १६६० मध्ये राजा परत आल्यावर काढली. आज एडिंबरोच्या किल्ल्यात ज्यांच्यापुढे लोक रांग लावतात तीच ही. किनेफचं चर्च स्टोनहेवनपासून दक्षिणेला गाडीने थोडंच आहे. मी गेलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

एक जागा मात्र जड मनाने बघायची. समुद्राच्या बाजूचं तळघर. १६८५ मध्ये राजाने ठरवलेला धर्म मान्य न केलेले १२२ पुरुष आणि ४५ बायका त्यात कोंडल्या होत्या. मी आत उभा राहून मनाशी मोजायचा प्रयत्न केला. एवढी माणसं तिथे बसूही शकत नाहीत.

---

थंडवारा | १३ मे

माझा अनुभव वेगळा आहे आणि तोही इथे असावा असं वाटतं. आम्ही गेल्या ऑक्टोबरात सहा जण, त्यात दोन लहान मुलं, एडिंबरोहून पहाटे निघून गेलो. वारा इतका की किल्ला त्या दिवशी बंद. तलाव तर हंगाम संपून बंद झालेला. किनाऱ्यावर गोट्या, मुलांना वाळूत खेळता येईना. जेवायला गेलो तिथे शाकाहारी म्हणून फक्त चिप्स (बटाट्याच्या तळलेल्या फोडी) मिळाले, आणि अर्धे खाऊन झाल्यावर कळलं की ते गाईच्या चरबीत तळलेले होते. माझ्या सासूबाईंना त्या दिवशी फार त्रास झाला, पोटाचा आणि मनाचाही. दोष कुणाला देत नाही, आम्हीच विचारलं नव्हतं. पण 'जा, जा' म्हणताना हेही सांगा.

---

सागरगोटी | १३ मे

थंडवारा, वाचून वाईट वाटलं. हे लिहिलंत ते बरं केलंत, मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं.

तर सगळ्यांसाठी. स्कॉटलंडमध्ये बऱ्याच चिप्सच्या दुकानांत तळायला गाईची चरबी वापरतात. काही ठिकाणी वनस्पती तेल असतं, पण त्याच कढईत मासे तळलेले असतात. मागवण्याआधी "तळायला काय वापरता आणि कढई वेगळी आहे का" हे दोन प्रश्न विचारा. कुणी रागावत नाही. आम्ही तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही घरूनच नेतो. बंदराच्या भिंतीवर बसून खायचं, मात्र डब्याचं झाकण मांडीवर ठेवून. इथले समुद्रपक्षी अंगावर येऊन हातातलं नेतात. आमच्या थोरल्याच्या हातातली अख्खी दशमी एका पक्ष्याने उचलली आणि तो समोरच्या छपरावर बसून सावकाश खात राहिला.

मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ. इथल्या किनाऱ्यावरच्या 'द बे' या दुकानाला २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या सर्वोत्तम फिश अँड चिप्सचा मान मिळाला होता. पिठात बुडवून तळलेला मार्स चॉकलेटचा बारही याच गावातला, १९९० च्या दशकातला. मुलांना एकदा चाखायला द्या, चौघांत एक पुरतो.

आणि किल्ल्याला निघण्याआधी सकाळी त्यांच्या संकेतस्थळावर उघडा आहे का ते बघाच. वादळी वाऱ्यात तो बंद ठेवतात.

---

कुसुमकाकू | १५ मे

मी डोंबिवलीची. जूनअखेर मुलाकडे एडिंबरोला येते आहे. दोन्ही गुडघे दुखरे, जिना चढताना कठडा लागतो. मुलगा म्हणतो, "आई, तुला तिथे जमणार नाही." सागरगोटी, तुझ्या आईचं वाचून डोळे भरून आले. मी पण विहिरीतच शिकले गं, आमच्या वाईकडच्या. माझ्यासारखीने काय काय बघावं ते सांगशील का?

---

सागरगोटी | १५ मे

काकू, नक्की या. मुलाला हे वाचायला द्या.

किल्ल्यात उतरू नका. जाता-येता मिळून पायऱ्या फार आहेत, आणि पावसात त्या ओल्या-निसरड्या होतात. पण गाडी लावतात तिथून कड्याच्या काठापर्यंत वाट सोपी आहे आणि अख्खा किल्ला, खालचा समुद्र, सगळं तिथूनच दिसतं. खरं तर किल्ल्यात गेल्यावर किल्ला दिसत नाही, तो कड्यावरूनच बघायचा. संध्याकाळी सातनंतर जा, उन्हं तिरपी होतात आणि गर्दी ओसरते.

गावात बंदराजवळ टोलबूथ आहे, गावातली सर्वांत जुनी इमारत. सोळाव्या शतकात कोठार म्हणून बांधली, पुढे तिथे न्यायालय आणि तुरुंग आला. १७४८-४९ च्या हिवाळ्यात बिशप मानणाऱ्या एपिस्कोपल पंथाच्या धर्मगुरूंना इथे कैदेत ठेवलं होतं. कोळणी आपली तान्ही बाळं घेऊन किनाऱ्याने चालत यायच्या आणि हे धर्मगुरू गजांतून हात बाहेर काढून बाळांचा बाप्तिस्मा करायचे. आता तिथे छोटं संग्रहालय आहे, गावचेच लोक स्वयंसेवक म्हणून चालवतात. तिकीट नाही. तिथल्या आजोबांना काही विचारलंत की ते खुर्ची ओढून बसतात आणि सांगतात.

आणि तलाव. शिडीला कठडा आहे. पाणी कोमट आणि खारं, गुडघ्यांना बरं वाटेल. पोहायला येतं म्हणताय तर काहीच प्रश्न नाही.

---

दगडफूल | १८ मे

एका गोष्टीचा उल्लेख राहिला आणि माझ्या विषयातली असल्यामुळे मला गप्प बसवत नाही.

काउईच्या किनाऱ्यावर एका हौशी संशोधकाला, माइक न्यूमन यांना, एका गोमेसारख्या प्राण्याचा तुकडा दगडात सापडला. तुकडा जेमतेम एक सेंटिमीटरचा. २००४ मध्ये त्याचं नाव ठेवलं न्यूमोडेस्मस न्यूमनी. त्याच्या अंगावर श्वास घ्यायची छिद्रं स्पष्ट दिसतात, म्हणजे हा जीव हवा घेत होता, जमिनीवर राहत होता. वय ४० कोटी वर्षांहून जास्त. जमिनीवर श्वास घेणाऱ्या प्राण्यांचे जे सर्वांत जुने पुरावे मिळाले आहेत त्यांतला हा एक. न्यूमन तेव्हा बस चालवायचे.

याच गावाच्या उत्तरेला हायलँडची, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाची, सीमा आखणारा मोठा भूभंग समुद्रात उतरतो. अख्खा स्कॉटलंड तिरका चिरत आलेली रेघ इथे संपते. ओहोटीला काउईच्या बंदराकडून उत्तरेला चालत गेलात तर उभे झालेले थर आणि बदलणारे रंग साध्या डोळ्यांना दिसतात. मी मुलांना एवढंच सांगतो की दगडाला हात लाव आणि डोळे मिट. किनारा संरक्षित आहे, हातोडा नेऊ नका. भरतीची वेळ बघून जा.

---

पायवाट | १८ मे

दगडफूल, धन्यवाद, हे कुठल्याच पर्यटन पत्रकात वाचलं नव्हतं.

बंदरापासून डनॉटरपर्यंत कड्याने चालत जायची वाट आम्ही केली आहे. पाऊण-एक तास. मधे ब्लॅक हिलवर युद्धस्मारक लागतं. खांबांचं गोल देऊळच जसं, मुद्दाम अर्धवट, भग्न दिसेल असं बांधलेलं, कारण ज्यांच्या नावाने ते आहे त्यांची आयुष्यंही अर्धवट राहिली. तिथे बसलो तर कुणी बोलेना. कड्याची माती ढासळते, त्यामुळे वाट वळवलेली असेल तर पाटीप्रमाणे जा, जवळची वाट काढू नका.

बाजारचौकात आर. डब्ल्यू. थॉमसन यांची पाटी शोधा. १८२२ चा जन्म, याच चौकात. हवेच्या टायरचं पेटंट त्यांनी १८४५ मध्ये घेतलं, तेविसाव्या वर्षी. डनलॉपचं नाव सगळ्यांना माहीत, ते आले चार दशकांनंतर.

---

चिमणचारा | २१ मे

पक्षी बघणाऱ्यांसाठी: फाउल्सह्यू. गावाच्या दक्षिणेला, क्रॉटनजवळ, पक्षी संरक्षण संस्थेचं राखीव क्षेत्र. कड्यांवर किट्टीवेक, गिलेमॉट, रेझरबिल यांची हजारोंनी घरटी. आधी वास येतो, मग आवाज, मग कड्याचा काठ. पफिन थोडे, पण धीर धरला तर दिसतात. जुलैच्या मध्यापर्यंतच जा, त्यानंतर गिलेमॉट पिल्लं घेऊन समुद्रात निघून जातात आणि कडा रिकामा पडतो. कुंपण सगळीकडे नाही, लहान मुलांचा हात सोडू नका.

---

आकाशकंदील | २ जून

हिवाळ्यातही या गावाला एक रात्र आहे. ३१ डिसेंबरला बाराच्या ठोक्याला जुन्या गावातल्या हाय स्ट्रीटवर चाळीसएक माणसं आगीचे गोळे डोक्याभोवती फिरवत चालतात. तारेच्या जाळीत जळणारं सामान भरलेलं, त्याला लांब तार आणि मूठ. पुढे बॅगपाइप आणि ढोल. गोळा जवळून गेला की गालाला धग लागते आणि फिरण्याचा घुम्म असा आवाज येतो. शेवटी उरलेले गोळे बंदराच्या पाण्यात फेकतात, चर्रर्र होऊन विझतात. जुन्या वर्षाचं वाईट जळून जावं म्हणून हे करतात, असं माझ्या शेजारी उभ्या आजींनी सांगितलं. मी होळीचं सांगितलं तर त्यांनी माझा हात धरला.

ठिणग्या उडतात, त्यामुळे नायलॉनचं जाकीट घालू नका. ३१ तारखेला आगगाड्या लवकर बंद होतात, म्हणून मुक्कामाची सोय आधी करा किंवा गाडीने जा.

---

सागरगोटी | ३ जून

आकाशकंदील, किती सुंदर. तीन वर्षं जवळ राहून मी हे पाहिलेलं नाही. या डिसेंबरला जाणार.

एक भर: जुलैत लोकसंगीताचा महोत्सव असतो आणि त्यात तलावातच नाच असतो. वाजवणारे काठावर, नाचणारे पाण्यात, फेर धरून. तारखा बघून ठेवा.

---

कुसुमकाकू | ९ जुलै

काल जाऊन आले. लिहिल्याशिवाय झोप येईना.

किल्ला वरूनच बघितला, तू सांगितलंस तसा, संध्याकाळी. मुलगा आणि सून पायऱ्या उतरून खाली गेले, मी बाकावर बसले. तिथे एक बाई कुत्रा घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं कुठून आलात, मी म्हटलं इंडिया, बाँबे. त्यांचे वडील म्हणे जहाजावर होते आणि मुंबईला येऊन गेले होते. आम्ही दोघी अर्धा तास बोललो. माझं इंग्रजी आणि त्यांचं इंग्रजी वेगवेगळं, पण जमलं.

मग रात्री तलाव. सूनबाईने पोशाख आणला होता. शिडीवर मी पण थांबले गं, तुझ्या आईसारखीच. पहिल्यांदा वाटलं परत फिरावं. मुलगा पाण्यात उभा राहून हात पुढे करून होता. लहानपणी मी त्याला शिकवताना असंच करायचे. मी हात धरला नाही, सरळ उतरले. एक फेरी पूर्ण केली, पन्नास मीटर, मधे न थांबता. काठावर बसलेल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. गुडघे पाण्यात दुखले नाहीत. बाहेर आल्यावर दुखले, पण सुनेने थर्मासमधून आल्याचा चहा दिला.

मुलगा आता म्हणतो, पुढच्या बुधवारी परत जाऊ. सागरगोटी, तू येशील का? तुझी आई इथे असेल तर तिलाही आण. दहाच्या आधी तलावाच्या दाराशी थांबते. डोक्याला लाल लोकरी टोपी असेल, ती मीच.

---

सागरगोटी | ९ जुलै

काकू, येते. आई कोल्हापुरात आहे, तिला आत्ताच फोन करून तुमचं सगळं वाचून दाखवलं. तिने विचारलंय, वाईच्या विहिरीत भोपळे बांधून शिकलात की पांगाऱ्याच्या लाकडावर?